‘गॅस बंद केलास का गं?’ : अल्झायमरची सुरुवात घरात कशी दिसते

प्रश्न एका सुनेचा आहे. थोडक्यात असा: ‘टीव्हीवर एक वयस्कर नेते भाषण करताना मध्येच थांबले, शेजारच्या मंत्र्याला भलत्याच नावाने हाक मारली. घरात सगळे म्हणाले, यांना अल्झायमर झालाय. त्याच रात्री माझ्या सासूबाईंनी (वय ७२) मला तीनदा विचारलं, “गॅस बंद केलास का गं?” तेव्हा मात्र कुणी काही बोललं नाही. अल्झायमरची सुरुवात ओळखायची कशी?’

‘तेव्हा मात्र कुणी काही बोललं नाही’ हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. गेली २६ वर्षं मी नाशिकला मेंदूविकारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि घरोघरी हेच बघते. परक्या माणसाचं निदान आपण दोन मिनिटांच्या व्हिडिओवरून करून मोकळे होतो, आणि घरातल्या माणसाकडे दोन-दोन, तीन-तीन वर्षं काणाडोळा करतो. खरं तर उलट व्हायला हवं. कारण या आजाराची सगळ्यात भरवशाची खूण एकच आहे: माणूस पूर्वी होता तसा राहिलेला नाही. पूर्वी तो कसा होता हे टीव्हीसमोर बसलेल्याला ठाऊक नसतं. ते सुनेला, नवऱ्याला, शेजारणीला ठाऊक असतं.

आधी प्रसिद्ध माणसांबद्दल. रोनाल्ड रेगन जानेवारी १९८९ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदावरून पायउतार झाले आणि ५ नोव्हेंबर १९९४ ला त्यांनी स्वतःच्या हस्ताक्षरात पत्र लिहून आपल्याला अल्झायमर झाल्याचं देशवासीयांना कळवलं. मग साहजिकच चर्चा सुरू झाली की सुरुवात पदावर असतानाच झाली होती का. २०१५ मध्ये अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यांच्या ४६ पत्रकार परिषदांमधलं बोलणं शब्दन् शब्द तपासलं आणि त्यांच्यानंतरचे अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांच्या १०१ परिषदांशी ताडून पाहिलं. रेगन यांच्या बोलण्यात निरनिराळे शब्द कमी होत गेले होते आणि ‘ती गोष्ट’, ‘काहीतरी’ अशा जातीचे मोघम शब्द वाढले होते. बुश यांच्यात तसा बदल नव्हता. आता बघा, एका माणसाच्या आठ वर्षांच्या कारकिर्दीतलं बोलणं हाताशी होतं, पुढे निदान काय झालं तेही माहीत होतं, तरी संशोधकांनी स्वतःच सांगितलं की पदावर असताना त्यांना आजार होता हे यावरून सिद्ध होत नाही. आणि आपण एका अडखळण्यावरून निकाल देतो!

भाषणात अडखळण्याची कारणं पन्नास असतात. लहानपणापासूनचं तोतरेपण, कमी ऐकू येणं, रात्रभराचा प्रवास, सैल कवळी, नव्या गोळ्या, किंवा निव्वळ थकवा. अमेरिकेत १९६४ मध्ये एका मासिकाने मानसोपचारतज्ज्ञांना पत्रं पाठवून विचारलं की बॅरी गोल्डवॉटर हे उमेदवार अध्यक्ष व्हायला मानसिकदृष्ट्या लायक आहेत का. हजाराहून जास्त डॉक्टरांनी, त्यांना कधीही न तपासता, ‘नाहीत’ असं उत्तर दिलं. गोल्डवॉटर यांनी खटला भरला आणि तो जिंकला. १९७३ पासून तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचा नियम आहे की ज्याला स्वतः तपासलं नाही, त्याचं निदान जाहीरपणे करायचं नाही. मीही तो पाळते, म्हणून तुम्ही पाहिलेल्या नेत्याबद्दल माझ्याकडून एक अक्षर मिळणार नाही.

दूरवरून केलेलं निदान किती निर्दयी होऊ शकतं हे बघायचं तर रीटा हेवर्थ या अभिनेत्रीचं उदाहरण घ्या. १९७६ मध्ये लंडनच्या विमानतळावर त्या विस्कटलेल्या, गोंधळलेल्या अवस्थेत विमानातून उतरल्या. फोटो जगभर छापून आले आणि लोकांनी ठरवून टाकलं की बाई दारू पिऊन आल्यात. संवाद पाठ होत नव्हते, एकदम संताप यायचा, सगळं दारूच्या खात्यावर गेलं. पुढे काही वर्षांनी अल्झायमरचं निदान झालं. १९८७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी त्या गेल्या. आपल्याकडेही पन्नाशी-साठीतल्या माणसाच्या बाबतीत असंच होतं. ‘कामात लक्ष नाही’, ‘डोकं फिरलंय’, ‘बायकोशी पटत नाही’, सगळी कारणं सुचतात, आजार सुचत नाही. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी तर ‘साठी बुद्धी नाठी’ तयारच असतं. ही म्हण मला मनापासून खुपते. भारतात साठीपुढच्या शंभर माणसांत साधारण सात जणांना कोणत्या ना कोणत्या प्रकारचा स्मृतिभ्रंश असतो, म्हणजे देशभरात अंदाजे ८८ लाख माणसं. यातला सगळ्यात मोठा वाटा अल्झायमरचा. पण याचाच दुसरा अर्थ असा की शंभरातल्या नव्वदाहून अधिक माणसांची बुद्धी साठीनंतरही ठिकाणावर असते. बुद्धी ‘नाठी’ होणं हा वयाचा धर्म नाही.

आता घरात या. माझ्याकडे आलेल्या एका किराणा दुकानदारांची गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडी बदलून. वय ६८. सून त्यांना घेऊन आली आणि पिशवीतून उधारीची लाल वही काढून माझ्यासमोर ठेवली. अक्षर मोत्यासारखं, बेरजा तंतोतंत. मी पानं उलटत गेले. तिसऱ्या पानावर एका गिऱ्हाइकाची एकाच तारखेची ‘तूरडाळ २ किलो’ ही नोंद तीनदा होती. पुढच्या पानावर तेच, साबणाच्या वड्यांचं. सून म्हणाली, ‘गिऱ्हाइकं भांडायला लागलीत. मामंजी म्हणतात, लोक बुडवायला बघतायत.’ मी त्यांना सतरा गुणिले आठ विचारलं, क्षणात उत्तर आलं. १९७२ च्या दुष्काळात ज्वारीचा काय भाव होता तेही सांगितलं. मग मी तीन शब्द दिले, ‘कुलूप, पपई, घोंगडी’, आणि पाच मिनिटं त्यांच्या गावच्या जत्रेविषयी बोलत बसले. नंतर विचारलं, ‘मघाशी तीन शब्द दिले होते ना?’ ते माझ्याकडे बघत राहिले. ‘कसले शब्द?’ मी म्हटलं, ‘एक फळ होतं.’ तरी काही नाही. त्यांच्या लेखी मी शब्द दिलेच नव्हते.

सुरुवातीचा अल्झायमर कसा असतो हे त्या एका वहीत दिसतं. मेंदूच्या आतल्या बाजूला, कानाच्या पातळीवर दोन्हीकडे हिप्पोकॅम्पस नावाचा छोटासा भाग असतो. नवी आठवण पक्की करण्याचं काम त्याचं. अल्झायमरमध्ये बहुधा हा भाग आणि त्याच्या लगतचा भाग आधी पोखरला जातो. त्यामुळे जुनी खाती शाबूत राहतात आणि नव्या नोंदी होतच नाहीत. म्हणूनच घरचे फसतात. ‘आजोबांना अख्खे मनाचे श्लोक पाठ आहेत, त्यांना कसला अल्झायमर?’ हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. मनाचे श्लोक सत्तर वर्षांपूर्वीचे आहेत हो! काल संध्याकाळी मुलीचा फोन आला होता, ती काय म्हणाली, हे विचारा.

वयाने येणारा विसरभोळेपणा वेगळा असतो. त्यात नाव जिभेवर येऊन अडतं आणि आंघोळ करताना आठवतं. चष्मा कुठे ठेवला ते विसरतं, पण मागचा माग काढत सापडतो. पहिलं अक्षर सांगितलं की ‘हां हां!’ होतं. म्हणजे आठवण आत आहे, वर यायला वेळ लागतो. अल्झायमरमध्ये पहिलं अक्षर सांगून उपयोग होत नाही, कारण आत काही गेलेलंच नसतं. शिवाय विसरभोळा माणूस स्वतः तक्रार करतो, ‘डॉक्टर, फार विसरायला होतंय.’ अल्झायमरच्या माणसाची तक्रार बहुतेक वेळा घरचे करतात आणि तो म्हणतो, ‘मला काही झालेलं नाही, ह्यांनाच काहीतरी झालंय.’

खोलीत शिरल्यावर मी आणखी एक गोष्ट बघते, ती तुम्हीही बघू शकता. मी पेशंटला साधा प्रश्न विचारते, ‘आज नाश्त्याला काय केलं होतं?’ आणि पेशंट उत्तराआधी मान वळवून लेकीकडे किंवा नवऱ्याकडे बघतो. एका निवृत्त मुख्याध्यापिकांनी तर हसून लेकीला सांगितलं, ‘सांग गं त्यांना, डॉक्टर काय विचारतायत.’ इतकं सहज, इतकं गोड, की लेकीच्याही लक्षात आलं नाही. शिकलेली, बोलकी माणसं झाकपाक फार सुंदर करतात. ‘आता आम्हाला कशाला वार-तारीख लागते!’ असं म्हणून वेळ मारून नेतात. मी त्यांना घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटांचं. बाईंनी वर्तुळ सुरेख काढलं, पण बाराही आकडे उजव्या अर्ध्या भागात दाटीवाटीने बसवले आणि एक काटा दहावर, दुसरा अकरावर नेला. लेक तिथेच रडायला लागली.

घरातल्या खुणा बऱ्याचदा स्वयंपाकघरात आणि पैशात आधी दिसतात. चाळीस वर्षं पुरणपोळ्या केलेल्या हाताला अचानक ‘आधी डाळ शिजवायची की गूळ घालायचा’ असं होतं. आमटीत मीठ दोनदा पडतं किंवा अजिबात पडत नाही. फडताळात हिंगाच्या पाच डब्या निघतात, कारण दर वेळी वाण्याकडे गेल्यावर ‘हिंग संपलाय’ वाटतं. लाइट बिल दोनदा भरलं जातं, एटीएमचा पिन अडतो, पासबुक उशीखाली लपवलं जातं आणि मग ‘कामवालीने चोरलं’ असा आरोप होतो. हा चोरीचा आरोप फार घरं फोडतो. आरोप करणारा खोटं बोलत नसतो. वस्तू आपण ठेवली ही आठवणच त्याच्याकडे नसते, मग ‘कुणीतरी नेली’ एवढंच उरतं. सुनेवर आळ आला तर तिने तो मनाला लावून घेऊ नये, हे मी प्रत्येक घराला सांगते.

आणखी एक खूण चुपचाप येते. माणूस मागे सरतो. भजनी मंडळ सोडलं, भिशीला जाणं बंद केलं, पेपर हातात असतो पण पान उलटत नाही. चारचौघांत बोलताना धागा सुटतो हे त्याला आतून जाणवत असतं, म्हणून तो चारचौघांत जात नाही. घरचे म्हणतात, ‘आता शांत झालेत.’ अशा शांततेची मला काळजी वाटते.

सुरुवात दर वेळी विसरण्यानेच होते असंही नाही. इंग्रज लेखक टेरी प्रॅचेट यांनी डिसेंबर २००७ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी आपला आजार जाहीर केला. त्यांचा प्रकार अल्झायमरचाच, पण मेंदूच्या मागच्या, दृष्टीशी निगडित भागात सुरू होणारा. डोळे चांगले, पण दिसलेल्याचा अर्थ लागत नाही. टाइप करणं आणि शुद्धलेखन बिघडलं. अशी माणसं आधी तीन वेळा चष्मा बदलून येतात. कादंबरीकार आयरिस मर्डोक यांची शेवटची कादंबरी १९९५ मधली, निदान त्यानंतरचं, आणि १९९९ मध्ये त्या गेल्या. पुढे संशोधकांनी त्यांच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या कादंबऱ्या शेजारी ठेवल्या, तेव्हा शेवटच्या कादंबरीत वाक्यांची घडण ठीक होती, शब्दांचा साठा मात्र आकसला होता. आपल्या घरी हे असं ऐकू येतं: ‘ते दे गं, ते हे, ज्याने कापतात ते.’ सुरी हा शब्द हरवलेला असतो.

आता एक गैरसमज, जो फार महाग पडतो. ‘बाबा गेले आणि त्या धक्क्याने आईला हे झालं.’ बहुतेक वेळा तसं नसतं. बाबा होते तोवर औषधं ते द्यायचे, बँक ते बघायचे, पाहुण्यांच्या प्रश्नांना उत्तरं तेच द्यायचे. आईचा आजार त्यांनी नकळत पाठीशी घातला होता. ते गेले आणि तो उघडा पडला. तसंच मुलाकडे न्यू जर्सीला किंवा बंगळूरला गेलेल्या आईवडिलांचं. गावच्या घरात हात आपोआप दिव्याच्या बटणापाशी जायचा, नव्या घरात रात्री संडास सापडत नाही. मुलं म्हणतात, ‘इकडे आल्यावर झालं.’ झालेलं आधीच होतं, जुन्या घराने सांभाळून घेतलं होतं.

हे सगळं वाचून घाबरू नका, कारण अल्झायमरसारखं दिसणारं सगळं अल्झायमर नसतं आणि त्यातलं काही बरं होतं. बी-१२ ची कमतरता आपल्या शाकाहारी घरांत भरपूर आहे. थायरॉइड मंदावलं, रक्तातलं सोडियम घसरलं, महिन्या-दीड महिन्यापूर्वी न्हाणीघरात पाय घसरून डोक्याला मार बसला आणि आत हळूहळू रक्त साचलं, तरी माणूस असाच होतो. सर्दी-खाजेसाठी रोज घेतली जाणारी झोप आणणारी गोळी, लघवी वारंवार होते म्हणून दिलेली गोळी, झोपेची गोळी, यांनीही स्मरण धूसर होतं. उदास माणसाचंही मन कशावर ठरत नाही. ऐकू कमी येत असेल तर न ऐकलेलं आठवणार कुठून? आणि दोन-चार दिवसांत एकाएकी बरळणं, दिवस-रात्रीचा गोंधळ सुरू झाला तर ते बहुधा अल्झायमर नव्हे. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, साखर घसरणं, पक्षाघात असं काहीतरी असतं. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. अल्झायमर महिन्या-महिन्यांनी, वर्षा-वर्षांनी सरकतो.

तुमच्या सासूबाईंचा तो प्रश्न आता नीट बघू. तीनदा विचारलं एवढ्यावरून काही ठरत नाही. दुसऱ्यांदा विचारताना त्या ‘मघाशी विचारलं गं, पण चैन पडत नाही’ अशा काही म्हणाल्या असतील, तर ती काळजी आहे, कदाचित स्वभावच. पण तिन्ही वेळा तोच सूर, तेच शब्द, जणू पहिल्यांदाच विचारतायत असं वाटलं असेल, आणि ‘आत्ताच तर सांगितलं’ म्हटल्यावर त्यांना खरंच आश्चर्य वाटलं असेल, तर मात्र एक वही करा. महिनाभर लिहा: तारीख, काय झालं, त्याआधी त्या हेच काम कसं करायच्या. ‘आई फार विसरतात’ यापेक्षा ‘१२ तारखेला नेहमीच्या भाजीवाल्याकडून घरी येताना गल्ली चुकल्या’ हे वाक्य मला शंभरपट उपयोगी पडतं. वही त्यांच्यासमोर काढू नका. आणि कृपा करून घरात परीक्षा घेऊ नका. ‘सांगा बघू, मी कोण? आज वार कोणता?’ असं पाहुण्यांसमोर विचारलं जातं तेव्हा त्या माणसाची किती मानहानी होते, हे मी डोळ्यांत बघितलंय.

नवऱ्याला विश्वासात घ्या. मुलगा बहुधा सगळ्यात शेवटी मानतो, ‘माझ्या आईला काही झालेलं नाही.’ त्याच्यावर चिडू नका, ते त्याचं प्रेमच असतं. सासूबाईंना ‘मेंदूच्या डॉक्टरकडे’ असं म्हणण्यापेक्षा ‘बी-१२ आणि थायरॉइड तपासून घेऊ, दोघी जाऊ’ म्हणा. ते खोटंही नाही, कारण आम्ही सुरुवात तिथूनच करतो. मग स्मरणशक्तीच्या चाचण्या, एमआरआय, गरज पडली तर पुढचं. मेंदूविकारतज्ज्ञ जवळ नसेल तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा अनुभवी फिजिशियनही सुरुवात करून देतील. वाट विचारायला १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे.

औषधांबद्दल खरं तेच सांगते. डोनेपेझिल, मेमँटिन यांनी काही जणांचं रोजचं जगणं काही काळ सावरतं, आजार थांबत नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळालेलं लेकॅनेमॅब मेंदूतला अमायलॉइड नावाचा साका कमी करतं आणि घसरण थोडी मंदावतं, पण ते अगदी सुरुवातीच्या पायरीवरच देतात आणि मेंदूला सूज येण्याचा, आत रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार एमआरआय करावे लागतात. मग लवकर ओळखून फायदा काय, असं लोक विचारतात. फायदा असा की माणूस अजून स्वतःबद्दल स्वतः ठरवू शकतो. कुणाकडे राहायचं, मृत्युपत्रात काय लिहायचं, बँकेत नॉमिनी कोण, आजारात उपचार कसे हवेत. आपल्या कायद्यात साधं मुखत्यारपत्र माणसाची निर्णयक्षमता गेली की निरुपयोगी ठरतं, आणि त्यानंतर पालकत्वासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. जॉर्ज फर्नांडिस आठवून बघा. १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना हरवणारा, १९७४ ला देशभराची रेल्वे थांबवणारा, सभा गाजवणारा माणूस. अल्झायमरने त्यांना गाठलं आणि ते कुठे राहतील, त्यांना कोण भेटू शकेल, यावरून जवळच्या माणसांमधला वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. जानेवारी २०१९ मध्ये ते गेले, तोवर बरीच वर्षं त्यांना स्वतःचं म्हणणं मांडता येत नव्हतं.

तपासणीला येताना एवढं बरोबर आणा: ती वही, घरातली सगळी औषधं एका पिशवीत (आयुर्वेदिक, होमिओपॅथीची आणि मेडिकलमधून परस्पर आणलेलीसुद्धा), आणि जुनं काहीतरी त्यांच्या हातचं, पाककृतीची वही, हिशेबाची डायरी, काहीही, म्हणजे आधीचं अक्षर आणि आत्ताचं अक्षर शेजारी ठेवून बघता येईल. मला सांगायच्या गोष्टी आधी चिठ्ठीत लिहून पाठवा, त्यांच्यादेखत बोलू नका. वेळ सकाळची घ्या, त्या ताज्यातवान्या असतील तेव्हाची. आणि चष्मा, कानाचं यंत्र असेल तर ते आठवणीने घाला. चष्मा घरी राहिला म्हणून चाचणीत नापास झालेल्या एका आजी महिनाभर काळजीने जेवत नव्हत्या. दुसऱ्या खेपेला चष्मा लावून आल्या आणि एकूण एक उत्तर बरोबर दिलं.